तोलोका कोण बोलावणार

ओदार्काचं वय सहासष्ट, पण तिनं हाक मारली तर अजून तळ्यापलीकडची बदकं पाण्यात उतरत. एकवीस वर्षं तिनं साखरबिटाच्या सरकारी सामुदायिक शेतावर बायकांची टोळी चालवली होती. मुकादम म्हणून तालुक्याच्या पेपरात तिचा फोटो दोनदा छापून आला होता आणि त्यातला एक तिनं काचेत लावून भिंतीवर टांगला होता. वेर्बोवा गावात तिला कुणी म्हातारी म्हणत नसे. निदान तोंडावर तरी नाही.

त्या वर्षी मे महिन्यात सेवेरिन मास्तरांचं पुस्तक आलं. मास्तरांनी चाळीस वर्षं गावच्या शाळेत भाषा शिकवली होती, आणि त्यातली तीस वर्षं बुटांच्या खोक्यांतून या भागातले शब्द गोळा केले होते. एकेका शब्दाला एकेक चिठ्ठी. सगळ्यांत जास्त शब्द त्यांना दिले ते ओदार्कानं. बीट निंदताना, शेळीची धार काढताना, दुकानाच्या रांगेत, जिथं मास्तर भेटतील तिथं ती म्हणे, "हा लिहिलात का? नाही? मग घ्या!" आता त्या खोक्यांचा शब्दकोश झाला होता. छापल्या तीनशेच प्रती. त्यातली एक मास्तरांनी सही करून तिच्याकडे पाठवली होती. प्रत्येक शब्दाखाली तो सांगणाऱ्याची आद्याक्षरं होती आणि पानापानावर तिची होती.

ओदार्का हात धुऊन खिडकीशी बसली. सणाच्या दिवशीचा चष्मा लावून एकेक पान उलटत, स्वतःची आद्याक्षरं दिसली की त्यांच्यावर बोट फिरवत ती 'त' पर्यंत आली. तिथं लिहिलं होतं:

'तोलोका. १. एका दिवसात, मजुरी न घेता, सगळ्यांनी मिळून करायचं काम, जेवण घरधन्याकडे. २. गुरांनी तुडवलेलं पडीक कुरण. सांगणारी: ओ. ह. पहिल्या अर्थानं आता बोलण्यात नाही.'

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'नाही'चा 'आहे' काही झाला नाही.

"बोलण्यात नाही?" ती रिकाम्या घराला म्हणाली. "माझ्या नावाखाली मढं आणून ठेवलंय मास्तरनं!"

आपल्याकडे ज्याला सावड किंवा इर्जिक म्हणतात, त्याच जातीचा हा शब्द. ओदार्का ज्या घरात बसली होती ते घरच मुळी तोलोकाचं होतं. छप्पन साली ती नवरी होऊन आली तेव्हा अर्ध्या गावानं एका दिवसात त्याच्या भिंती उभ्या केल्या होत्या. चिखल तुडवून तुडवून संध्याकाळी तिला स्वतःचे पाय ओळखू येत नव्हते. ते सगळं तिनंच मास्तरांना सांगितलं होतं. आणि त्या शब्दाला आता तिच्याच नावाखाली मूठमाती!

तिनं डोक्याला रुमाल बांधला, पुस्तक काखेत मारलं आणि निघाली.

मास्तरांचं घर तळ्याच्या पलीकडे, शेवटचं. बायको गेल्यापासून ते एकटेच होते, मुलगी दूर शहरात. ओदार्कानं फाटकातूनच आवाज चढवला, पण कुणी ओ दिली नाही, म्हणून ती घराला वळसा घालून मागे गेली. आणि जागच्या जागी थांबली.

मागच्या बाजूला मक्याच्या कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. मे महिन्यात कुणाच्या दारी इतका कडबा उरत नाही. तिनं एक पेंढी ओढली. पलीकडे भिंत नव्हती. मार्चमध्ये बर्फ वितळलं तेव्हा पाणी घराच्या पायात शिरलं होतं आणि अख्खी मागची भिंत खाली बसली होती. छप्पर दोन खांबांवर कसंबसं टेकलेलं. आत खोलीभर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली पुस्तकं, आणि त्यांच्यावर कोंबडी बसलेली.

"कोंबडीला हाकल आधी," मागून मास्तरांचा आवाज आला. "व्याकरणावर बसते ती नेहमी."

एकाहत्तर वर्षांचे मास्तर हातात पाण्याची बादली घेऊन उभे होते. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं.

"तुम्ही राहता कुठं?"

"चुलीच्या खोलीत. मला पुरते."

"आणि गावात कुणाला पत्ता नाही?"

"मागच्या बाजूनं येतं कोण? पुढून घर ठीक दिसतं." मास्तरांनी बादली खाली ठेवली. "तू पुस्तकासाठी आलीस ना? आवडलं?"

ओदार्काला आपला राग आठवला. तिनं पान उघडून त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे काय आहे? तोलोका बोलण्यात नाही? मी जिवंत आहे अजून!"

"तू आहेस. शब्द नाही."

"मास्तर!"

"ये, बस. भांडायचं तर बसून भांडू."

त्यांनी तिला चुलीच्या खोलीत नेलं, चहा ओतला आणि एक खोकं काढलं. त्यात फक्त याच शब्दाच्या चिठ्ठ्या होत्या, चांगल्या बोटभर जाडीच्या. शिकवायला लागले की मास्तरांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

"या शब्दाचं मूळ फार जुनं आहे, ओदार्का. आपण सगळे स्लाव्ह एका भाषेत बोलत होतो तेव्हाचं. मुळात तुडवणं, कुटणं. म्हणून गुरांनी तुडवलेलं कुरण ते तोलोका, आणि घराची माती सगळ्यांनी मिळून तुडवायची तीही तोलोका. बेलारूसमध्ये म्हणतात तालाका. पोलंडमध्ये त्वोका. बल्गेरियात त्लाका. शेजारणी संध्याकाळी एकत्र जमून मक्याची कणसं सोलतात, ती. देश निराळे, राजे निराळे, लिपी निराळी, आणि शब्द एकच. असे शब्द बोटांवर मोजावेत."

"तेच म्हणते मी! एवढा मोठा शब्द, आणि तुम्ही..."

"थांब. संपलं नाही." त्यांनी आणखी एक चिठ्ठी काढली. "डोंगरांपलीकडे स्लोव्हेनियन लोक आहेत. त्यांच्याकडेही त्लाकाच. पण तिथं त्याचा अर्थ वेठ. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणं. शेजाऱ्यासाठी आपण होऊन करत होते तेच काम मालक हुकमानं करून घ्यायला लागला, आणि शब्दाची चव बदलली. एकाच आईची दोन लेकरं. एक सावड झालं, एक वेठ झालं."

"आपल्याकडे नाही झालं तसं," ओदार्का मान ताठ करून म्हणाली. "आपल्याकडे शब्द स्वच्छ राहिला."

मास्तर चहाच्या कपातली साखर ढवळत राहिले, ती केव्हाच विरघळली होती तरी.

"राहिला का?" शेवटी ते म्हणाले. "रविवारी सकाळी बायकांना बिटाच्या शेतावर कोण हाकत होतं? फाटकाफाटकापाशी उभं राहून काय ओरडत होतं?"

ओदार्कानं कप खाली ठेवला.

'तोलोका! आज तोलोका! चला गं!' दर रविवारी, एकवीस वर्षं, हेच ती ओरडत आली होती. वरून हुकूम यायचा, सुट्टीच्या दिवशी फुकट काम. आणि ऑफिसातल्या साहेबांना त्याला एक छानसं नाव हवं असायचं. नाव तिनंच सुचवलं होतं. कोण आलं नाही त्याची यादीही तीच करायची.

"जुन्या तोलोकाचा एक नियम तूच मला सांगितला होतास," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "चिठ्ठी आहे माझ्याकडे. घरधन्यानं स्वतः दारोदार जायचं, उंबऱ्याबाहेरून बोलावायचं. आणि जो आला नाही त्याचं नाव कधी घ्यायचं नाही. ज्या दिवशी न आलेल्यांची यादी झाली, ओदार्का, त्या दिवशी आपल्याकडेही वेठ झाली. लोक हळूहळू तो शब्दच टाळायला लागले. शेवटची खरी तोलोका अकरा वर्षांपूर्वी, तिमिशच्या गोठ्याची. त्यानंतर मी ऐकलेली नाही. मी ऐकतो तेच लिहितो."

चहा तसाच टाकून ती उठली. जाताना पुस्तक बाकावरच विसरली.

तीन दिवस ती घराबाहेर पडली नाही. शेळी सोडायची, बांधायची, बस. काचेतल्या फोटोकडे पाहणंही तिनं टाळलं. असल्या बाईला रडू येत नाही, ती दात आवळून बसते. चौथ्या दिवशी सकाळी ती पुन्हा मास्तरांच्या फाटकात उभी राहिली.

"मास्तर, बूट घाला. दारोदार जायचंय."

"कशाला?"

"तोलोकाला बोलवायला. तुमच्या भिंतीच्या."

मास्तरांचे कान लाल झाले. "मी? ज्या पोरांना मी अक्षरं शिकवली त्यांच्या दारात हात पसरू? चाळीस वर्षांत कुणाकडे काडीही मागितली नाही मी."

"हात पसरणं कुठं आलं? आमंत्रण आहे ते. तोलोकाला बोलावलं म्हणजे समोरच्याला मान दिला. तुझे पाय माझ्या घराच्या मातीला लागू देत, असं म्हटलं." आणि मग जरा खालच्या आवाजात, "अहो, मला एकटीला हा शब्द तोंडातून काढता येत नाही आता. तुमच्या मागून निघेल. त्या सगळ्या दारांशी माझंही काम आहे."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग शर्टाची कॉलर सारखी केली आणि बूट शोधायला आत गेले.

त्या दिवशी त्यांनी एकाहत्तर दारं केली. दाराबाहेर थांबून मास्तर टोपी काढायचे आणि म्हणायचे, "शनिवारी माझ्याकडे तोलोका आहे. आलात तर आनंद वाटेल." पहिल्या दारी त्यांचा आवाज फुटला, पाचव्या दारी जरा सरळ झाला. लोक चकित होऊन बघायचे. मग ओदार्का पुढे व्हायची आणि आपल्याला पाठ असलेलं वाक्य म्हणायची, "रविवारच्या याद्या मी करत होते. चुकले मी." एवढंच. 'पण'ही नाही आणि 'वरून हुकूम होता' हेही नाही.

कुणी हसलं. कुणी म्हणालं, "जाऊ दे मावशी, जुनी गोष्ट." तिमिश म्हणाला, "घोडा जुना झालाय हो माझा, बघू." 'येतो' असं कुणीच म्हणालं नाही. सगळीकडे तेच, बघू.

पारास्काचं दार त्यांनी शेवटी केलं. खरं म्हणजे ओदार्कानंच ते मागे ठेवलं होतं. चौऱ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात, पाऊस आणि चिखल होता तेव्हा, पारास्काची आई अंथरुणाला खिळलेली होती. ओदार्कानं फाटकापाशी उभं राहून हाक दिली. यादीत नाव जाईल, नवऱ्याचं ट्रॅक्टरवरचं काम जाईल या भीतीनं पारास्का शेतावर गेली. दुपारी घरी परतली तेव्हा आई गेलेली होती, शेजारी कुणी नसताना. चोवीस वर्षं या दोघी एकमेकींना रस्त्यात 'दिवस बरा जावो' म्हणत आल्या होत्या, त्याच्या पुढचा शब्द नाही.

पारास्का, रुंद बांध्याची, पीठ माखलेल्या हातांची बाई, दारात आली. मास्तरांनी आमंत्रण दिलं. ओदार्कानं आपलं वाक्य सुरू केलं, "रविवारच्या याद्या..." आणि तिला पुढचं आठवेना.

"पारास्का, त्या दिवशी मी तुझ्या फाटकात यायला नको होतं," ती म्हणाली. "तुझ्या आईचा खोकला मला रस्त्यावर ऐकू येत होता. तरी मी ओरडले."

पारास्कानं हातांवरचं पीठ झटकलं. "ऐकू येत होता तुला?"

"हो."

"मला वाटायचं, ठाऊक नसेल तुला." ती मास्तरांकडे वळली. "मास्तर, तुमचं ऐकलं मी." आणि तिनं दार लावून घेतलं.

परतताना मास्तर म्हणाले, "हे तू आतापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतंस."

"तुमच्या खोक्यात टाकू नका म्हणजे झालं."

शनिवारी उजाडायच्या आधीच ओदार्का मास्तरांच्या मागच्या अंगणात हजर होती. आदल्या दोन दिवसांत मास्तर आणि ती, दोघांनी मिळून ओढ्याकाठच्या खाणीतून चिकणमाती आणून तिचा ढीग केला होता. तिनं मातीवर पाणी सोडलं, गव्हाचं काड पसरलं, स्कर्ट कमरेला खोचला आणि अनवाणी आत उतरली. माती बर्फासारखी गार होती. सहा वाजले. साडेसहा. मास्तर फाटकापाशी बटणं लावून उभे होते. रस्त्यावर फक्त बदकं.

"मास्तर, या इकडे. आपण दोघं तुडवू. हिवाळ्यापर्यंत होईल," ती म्हणाली.

मास्तरांनी बूट काढून शेजारीशेजारी लावून ठेवले, पायमोजे घडी करून त्यात खोचले आणि मातीत पाऊल घातलं. "अरे बापरे!" ते म्हणाले, आणि त्याच वेळी रस्त्यावर गाडीच्या चाकांचा आवाज आला.

तिमिश आला होता, जुन्या घोड्याला घेऊन. "याला तुडवायला लावा," तो म्हणाला. "धावता येत नाही, पण पाय जड आहेत." त्याच्यामागून त्याचे दोन भाऊ, खांद्यावर फावडी. मग दुकानवालीचा नवरा, मग शाळेतल्या नव्या बाई, मग ज्याला मास्तरांनी व्याकरणात तीनदा नापास केलं होतं तो पेत्रोचा स्तेपान, "मास्तर, आज तरी पास करा हो!" असं फाटकातूनच ओरडत. साडेसात वाजेपर्यंत अंगणात चाळीस माणसं होती आणि आणखी येत होती. ज्यांची दारं केली ते सगळे काही आले नाहीत. पण कोण आलं नाही हे कुणी मान वर करून पाहिलंही नाही.

ओदार्काला सगळ्यांना कामं वाटून द्यायची सवय. तोंड उघडलं होतं तिनं, "अरे तुम्ही तिकडे..." पण तिनं ते तसंच मिटलं. कामाचा ताबा तिमिशनं घेतला. तो सांगेल तिथं ती मातीचे लोंदे वाहू लागली.

आठ वाजता पारास्का आली, हातगाडीवर दोन मोठी पातेली घेऊन.

"ओदार्का, बोर्श तू करणार होतीस म्हणे?"

"हो, सूपसाठी बीट चिरून ठेवलंय."

"तुझ्या हातचं बोर्श मास्तरांच्या पाहुण्यांना? भिंत पुन्हा बसायची." बायका हसल्या. पारास्का हसली नाही. पातेली चुलीशी ठेवून ती परत बाहेर आली, बूट काढले आणि मातीत ओदार्काच्या शेजारी उतरली. मग दोघी पाय उचलत, टाकत राहिल्या. मातीतून चपक चपक आवाज येत होता.

बऱ्याच वेळानं पारास्का म्हणाली, "विसरले नाही मी."

"नकोच विसरू."

"डावीकडे काड कमी पडलंय बघ."

ओदार्कानं डावीकडे काड टाकलं.

दुपारपर्यंत भिंत छातीइतकी झाली. मधे काडाच्या दर्जावरून तिमिशचे भाऊ आपसांत भांडले, स्तेपाननं जेवणाआधीच घरची दारू चाखली आणि त्याला झाडाखाली झोपवावं लागलं. शाळेच्या नव्या बाईंनी मातीचा लोंदा असा फेकला की तो मास्तरांच्या कपाळावर बसला, आणि मास्तर इतके मोठ्यानं हसले की घोडा दचकला. गळ्यापर्यंतचं बटण त्यांनी कधी काढलं कुणी पाहिलं नाही. सहा वाजता भिंत छपराला भिडली. खिडकीची चौकट तिमिशच्या भावानं आणली होती, कुणाच्या तरी जुन्या घरातली, निळी. ती बरोबर बसली.

जेवणं सफरचंदाच्या झाडांखाली झाली, लांब फळ्यांच्या टेबलांवर. बोर्श, राय धान्याचा काळा पाव, खारवलेली डुकराची चरबी, पारास्काचे बटाट्याचे मोमोसारखे वरेनिकी. शेजारच्या गावाला जाणारी संध्याकाळची बस वळणावर हळू झाली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "लग्न आहे का कुणाचं?"

सगळ्यांची तोंडं भरलेली होती. उत्तर द्यायला मास्तरच उठले. मातीनं माखलेले पाय, कपाळावर वाळलेला डाग. पण पाठ अशी ताठ की वर्गात पहिल्या तासाला उभे आहेत.

"तोलोका आहे!" ते ओरडले. "माझ्याकडे! उतरा, जेवून जा!"

ड्रायव्हर उतरला. बसमधले सात जणही उतरले. बोर्श पुरलं.

उन्हाळाभर भिंत वाळत राहिली. ऑगस्टमध्ये मास्तरांनी तिला चुना दिला आणि पुस्तकं पुन्हा फळ्यांवर लावली. जुलैत तिमिशच्या भावानं विहिरीसाठी तोलोका बोलावली, मग दुकानवालीनं छपरासाठी. घरधनी स्वतः दारोदार जात होते आणि उंबऱ्याबाहेर थांबत होते. ओदार्का दोन्हीकडे गेली आणि सांगतील ते काम केलं. चिडली तेव्हा फक्त शेळीवर ओरडली.

सप्टेंबरात एका सकाळी ती बटाटे काढत होती तेव्हा फाटकाबाहेर कुणी तरी येऊन उभं राहिलं. पारास्का होती. चोवीस वर्षांत ती या फाटकाशी आली नव्हती. ती आत आली नाही, बाहेरच उभी राहिली, जसं उभं राहायचं असतं तसं.

"माझ्या कोठाराची भिंत पडायला आलीये. शनिवारी तोलोका आहे," ती म्हणाली. "आलीस तर आनंद वाटेल."

ओदार्कानं हातातली कुदळ मातीत रोवली आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ.

"किती वाजता?" ती म्हणाली.